रक्ताचा, विवाहाचा अथवा अन्य

माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य असं होतं — "शिक्षा साधी हवी, की सक्तमजुरीची?"

मे महिन्यातली दुपार. भाषा विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो आता प्रामाणिकपणे गरम हवा फेकत होता. मी मराठीच्या प्रभा मॅडमना भेटायला आले होते. त्यांच्या बंद दाराबाहेर टेबल टाकून एक मुलगा बसला होता. निळा कुर्ता, चष्मा, उजव्या बाहीला शाईचा डाग... आणि हातात माझं पत्र. तीन ओळींखाली लाल रेघा मारलेलं.

मी म्हटलं, मी समजले नाही.

मग त्याने ते वाचून दाखवलं, रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात. "'आदरणीय मॅडम, मला तुमच्याकडून शिक्षा हवी आहे. दोन वर्षं मी पूर्ण चेष्टा करीन. तुम्हाला काही आपत्ती नसेल अशी आशा करते. आपली, स्वरूपा.'"

"बरोबर आहे की."

"असेल. पण मॅडमनी वाचलं आणि दार आतून लावून घेतलं."

तो हसला नाही. हसला असता तर मी तशीच परत गेले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की मराठीत शिक्षा म्हणजे दंड, चेष्टा म्हणजे टवाळी आणि आपत्ती म्हणजे पूर, भूकंप वगैरे. थोडक्यात, मी एका प्राध्यापिकेला कळवलं होतं की मला दंड करा, मी दोन वर्षं तुमची टर उडवीन, आणि तोवर तुम्ही पुरात वाहून गेला नाहीत म्हणजे मिळवलं.

आता यात माझा दोष किती, ते बघा. माझा जन्म दिल्लीतल्या आर. के. पुरमचा. घरी आम्ही मराठीच बोलतो. पण आमच्या घरात शिक्षणाला 'अभ्यास' म्हणतात, शिक्षेला 'फटके' आणि चेष्टेला 'मस्करी'. शिक्षा, चेष्टा, आपत्ती हे शब्द मला भेटले ते शाळेच्या हिंदी पुस्तकात, तिथे त्यांचे अर्थ शिक्षण, प्रयत्न आणि हरकत असे सज्जन होते. मराठीत औपचारिक पत्र लिहायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, तेव्हा लग्नाला जाताना घालतात तसे मी चांगले शब्द घातले. ते उलटे निघाले.

आणि पत्र लिहायचं कारण असं, की मला जे शिकायचं होतं ते कुठेच शिकवत नव्हते.

या विद्यापीठाने त्या वर्षी एक योजना काढली होती. स्वरचित एम.ए. विषय तुम्ही ठरवायचा, त्यातले कोर्स तुम्ही लिहायचे, परीक्षा कशी व्हावी तेही तुम्हीच सांगायचं. फक्त, जगातल्या इतर कुठल्याही एम.ए.ने तुमचं काम का भागणार नाही, हे सिद्ध करायचं. मी विषय घेतला होता — बदलीची भाषा. आमच्या सरकारी क्वार्टरच्या एका जिन्यावर चार राज्यं राहतात. दर तीन वर्षांनी कुणाची तरी बदली होते, ट्रक येतो, कुटुंब जातं आणि त्यांचे दोन-चार शब्द जिन्यावरच राहून जातात. आम्ही सगळी पोरं ते उचलून वापरतो. मी सातवीत जाईपर्यंत मला वाटायचं की ठेच लागल्यावर तमिळमध्येच ओरडायचं असतं. या भाषेचं पुढे काय होतं, ते मला शोधायचं होतं. माझ्या पहिल्या कोर्सचं नाव होतं 'जिना: एक ओळख'.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहेत, म्हणजे तेव्हा होते, आणि ते घरातही फायलीवर शेरा मारल्यासारखे बोलतात. तीस वर्षांत त्यांनी असा प्रस्ताव पाहिला नव्हता, ज्यात अर्जदारच नियम लिहितो. शेवटी त्यांचा निर्णय आला. एकतीस मेला ते निवृत्त होणार, क्वार्टर सोडायचं, बिऱ्हाड पुण्याला जाणार. तीस मेपर्यंत माझा अर्ज रीतसर दाखल झाला आणि पुढे मंजूर झाला, तर मी दिल्लीत हॉस्टेलवर राहायचं. नाही झाला, तर मी पण ट्रकमधून पुण्याला जायचं आणि बी.एड. करायचं. बी.एड.चा फॉर्म आईने आधीच भरून ठेवला होता. फोटोसुद्धा चिकटवला होता. दहावीतला.

अर्जावर तीन सह्या लागत होत्या. दोन वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक, आणि एक सहाध्यायी. सहाध्यायी म्हणजे विद्यापीठात आधीपासून शिकणारा कुणीतरी, जो दर आठवड्याला भेटून तुम्ही खरंच काही करताय ना हे बघेल. इतिहासाच्या विठ्ठल सरांनी न वाचताच सही दिली होती. अकरा वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही मागायलाच आलं नव्हतं. राहिल्या होत्या प्रभा मॅडम. त्या आता कडी लावून आत बसल्या होत्या.

मुलाचं नाव सुधन्वा. मॅडमकडे पीएच.डी. करत होता, मूळचा पुण्याचा, मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा. त्याने दारावर टकटक केली आणि सांगितलं, की मॅडम, धोका नाही, मुलगी दिल्लीची आहे.

दार उघडलं. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझा पूर्ण प्रस्ताव मागून घेऊन वीस मिनिटं वाचला. मी उभीच होते. कूलर गरम हवा फेकतच होता.

"तुझा प्रस्ताव ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण ही डिग्री का हवी, याचा पुरावा त्यात कुठेच नाही. पुरावा या पत्रात आहे. हे पत्र परिशिष्ट एक म्हणून लाव. आणि असे शब्द गोळा कर, शंभर तरी. मग मी सही करीन. सहाध्यायी हा होईल."

'हा' म्हणजे सुधन्वा. त्याला कुणी विचारलं नाही. त्याने बाहीवरच्या शाईच्या डागाकडे बघत मान डोलावली.

तीस मेला तीन आठवडे होते.

फॉर्म घ्यायला आम्ही प्रवेश कार्यालयात गेलो, खिडकी क्रमांक चारवर. तिथे कल्पनाजी बसायच्या. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक मांडीवर ठेवून त्या एका हाताने फॉर्म द्यायच्या आणि वर बघायच्या नाहीत. आडनाव कानपूरकडचं, पण शिंक आली की 'अय्यो' म्हणायच्या आणि पंखा बंद पडला की बंगालीत पुटपुटायच्या. माझ्या विषयाच्या दृष्टीने ही बाई म्हणजे खजिना होती. पण विचारायची माझी हिंमत नव्हती. माझ्या आधीच्या मुलाने पेन मागितलं होतं, तर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेनाशिवायच पदवीधर होईल असं वाटलं.

फॉर्मच्या नवव्या पानावर कलम अकरा होतं. सुधन्वाने ते हिंदीचं मराठी करत मोठ्याने वाचलं. सहाध्यायीचा अर्जदाराशी रक्ताचा, विवाहाचा अथवा अन्य कोणताही संबंध नाही, असं दोघांनी सही करून लिहून द्यायचं.

"अन्य म्हणजे काय?" मी कल्पनाजींना हिंदीत विचारलं.

"अन्य मतलब अन्य," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

तोपर्यंत माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण फॉर्मनेच विचारल्यावर माणूस विचार करतोच.

त्या तीन आठवड्यांतले पहिले बारा दिवस आम्ही रोज भेटलो. मुनिरक्याच्या बस स्टॉपमागे चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर. मी दिल्लीचा शब्द टाकायचे, तो पुण्याचा अर्थ सांगायचा. व्यस्त — हिंदीत कामात असलेला, मराठीत उलटा. यातायात — तिकडे रहदारी, इकडे दगदग, आणि दोन्ही ठिकाणी एकच दृश्य. प्रकृती, तिकडे निसर्ग, इकडे तब्येत. सही — मराठीत स्वाक्षरी, हिंदीत बरोबर. यादीला त्याने नाव दिलं 'फितूर शब्द'. मला ते फारच आवडलं, कारण हिंदीत फितूर म्हणजे डोक्यात शिरलेलं वेड. मग कळलं की मराठीत फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. त्याला त्याचा अर्थ बरोबर वाटत होता, मला माझा. शेवटी यादीत सत्तेचाळिसावा शब्द 'फितूर' हाच लिहिला.

तिसऱ्या दिवशी तो मला 'तू' म्हणाला.

म्हणजे तो सहजच म्हणाला, "तू साखर किती घेतेस?" आणि मग आम्ही दोघंही थांबलो. चहावाल्याने दोन चमचे घातले.

"हे अन्यमध्ये येतं का?" मी विचारलं.

"तू म्हणणं? नाही. पुण्यात रिक्षावाल्यालाही म्हणतात."

"दिल्लीत म्हटलं तर तो मारतो."

"मग दिल्लीपुरतं अन्य धरू."

तिथूनच त्या खेळाला सुरुवात झाली. काय अन्य आणि काय नाही, याची आम्ही वेगळी यादी केली. एकाच प्लेटमधले मोमो — चालेल, चटणी वेगळी. मेट्रोत शेजारी बसणं — चालेल, गर्दी असल्यास. त्याच्या खोलीचा जिना चढणं — निश्चितच अन्य. माझ्या स्कूटरवर मागे बसणं यावर फार चर्चा झाली. शेवटी ठराव असा झाला की चालेल, मध्ये फाईल ठेवून, ब्रेक लागेपर्यंत. मी ते बारा दिवस दिल्लीच्या रस्त्यांवर ब्रेक न लावता स्कूटर चालवली. लोकांना वाटलं मुलगी बेफाम आहे. मी नियम पाळत होते.

आणि घरी खोकी वाढत होती. आई रोज एक खोकं बांधायची आणि त्यावर स्केचपेनने 'पुणे' लिहायची. स्वयंपाकघर, पुणे. देव, पुणे. एक दिवस मी घरी आले तर माझी पुस्तकं खोक्यात गेलेली, वर लिहिलेलं 'स्वरूपा, पुणे'. मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं होतं, यावेळी मार्करने.

एकवीस मेला संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. आम्ही स्कूटरवर होतो. समोरचं काही दिसेना, म्हणून मी एका सरकारी बंगल्याच्या भिंतीला लागून थांबले. फाईल उडायला लागली. त्यात ब्याण्णव शब्द होते आणि दोन प्राध्यापकांच्या सह्या — त्याच दिवशी प्रभा मॅडमनी आगाऊ सही दिली होती. मी फाईल छातीशी धरली. ती तरीही फडफडत होती, म्हणून सुधन्वाने ती बाहेरून धरली. म्हणजे फाईल मी धरली होती आणि फाईलसकट मला त्याने. त्याच्या कुर्त्याला धुळीचा, घामाचा आणि शाईचा वास येत होता. चार थेंब पडले, मोजून चार. आणि वरून काहीतरी पिवळं पिवळं गळायला लागलं.

"बहावा झडतोय," तो म्हणाला. माझ्या कानाशीच.

"काय झडतोय?"

"हा... बहावा."

"याला अमलतास म्हणतात."

"बहावा."

चोवीस वर्षं मी त्या झाडांखालून शाळेत गेले, कॉलेजात गेले. त्याचं आपल्या भाषेत इतकं मऊ नाव आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते हळूच एकदा म्हणून बघितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांत एक पाकळी अडकली होती, ती काढायला त्याने हात वर केला — आणि हात हवेतच थांबला.

"कलम अकरा," तो म्हणाला, आणि हात खिशात घातला.

मी घरी जाताना हेल्मेट घातलं नाही. पाकळी पडली असती. सेक्टर सातच्या सिग्नलला पोलिसाने अडवून कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो मला 'तुम्ही' म्हणायला लागला.

टपरीवर येणं बंद. उरलेले आठ शब्द त्याने ईमेलने पाठवले, खाली 'आपला' असं लिहून. मी फोन केला तर कामात आहे म्हणाला. व्यस्त, मी मनात म्हटलं, मराठीतला. मी त्या वादळातला प्रत्येक क्षण आठवून बघितला. कदाचित मी फाईल जास्तच घट्ट धरली असेल. कदाचित अमलतासवरून वाद घालायला नको होता. एक संपूर्ण संध्याकाळ मी 'आपला' या शब्दाकडे बघत बसले. तो फितूर शब्दांत घालावा का, ते ठरेना.

पण सहीचं त्याने नक्की सांगितलं होतं. तीस तारखेला, चार वाजता, खिडकी क्रमांक चार.

तीस मेला बाबांनी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून विचारलं, काय स्थिती आहे. मी म्हटलं, एक सही बाकी. ते म्हणाले, अपूर्ण प्रस्ताव विचारात घेतला जात नाही. मग डबा उचलताना म्हणाले की पाच वाजेपर्यंत फोन चालू ठेवतील. ट्रक एक तारखेला सकाळी सहा वाजता यायचा होता.

मी तीन वाजताच पोहोचले. कलम अकराखाली अर्जदाराच्या जागी माझी सही करून टाकली. रक्ताचा नाही, विवाहाचा नाही, आणि आठ दिवस जो माणूस मला तुम्ही म्हणतोय त्याच्याशी अन्य तरी कुठून असणार?

चार वाजले. साडेचार वाजले. रांग पुढे सरकली, मी मागे जाऊन पुन्हा उभी राहिले. असं दोनदा झालं. चार चाळीसला तो जिना चढून आला, धापा टाकत. मी फॉर्म पुढे केला, पेन दिलं, बोट ठेवून जागा दाखवली. त्याने माझी सही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सही केलीत तुम्ही."

"आता तुम्ही करा."

"मला नाही करता येणार."

मला वाटलं पेन चालत नाहीये. मी दुसरं काढलं.

"पेनाचं नाही," तो म्हणाला. "ही सही... सही होणार नाही, स्वरूपा."

रांगेतले लोक बघत होते. मी हळू आवाजात म्हटलं, की वीस मिनिटं राहिलीत, की माझी पुस्तकं खोक्यात आहेत, की मी बारा दिवस ब्रेक न लावता गाडी चालवली आहे, आणि याला खरेपणाचा झटका यायला आजचाच दिवस मिळाला का? आठ दिवस कुठे होता?

"लांब राहून बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आठ दिवस भेटलो नाही तर निदान सही करण्यापुरतं खरं होईल. नाही झालं. उलट... वाढलंच ते. आणि खोटी सही केली आणि नंतर कुणी विचारलं, तर कलम चौदा. तुझा प्रवेश रद्द, कायमचा. मी ते पान पन्नासदा वाचलंय. मी कलमाच्या बाजूने होतो गं. फितूर झालो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. कुर्ता तोच होता. बाहीवरचा डागही.

"कुठल्या भाषेतलं?" मी विचारलं.

"दोन्ही."

इथे खरं तर काहीतरी सुंदर व्हायला हवं होतं. पण चार पंचेचाळीस झाले होते. मी फॉर्म भिंतीवर ठेवला आणि कलम अकरातलं 'संबंध नाही' मधलं 'नाही' एका रेघेने खोडलं. मग आयुष्यभर बाबांनी जे शिकवलं ते केलं. खाडाखोड केली तिथे बाजूला सही केली, तारीख घातली.

सुधन्वाने त्या खोडलेल्या 'नाही'कडे पाहिलं. आपल्याला कुणी इतकं रीतसर हो म्हटलंय, यावर त्याचा विश्वास बसत नसावा. त्याने चष्मा काढला, परत घातला.

"आता?" तो म्हणाला.

"आता माझ्याकडे सहाध्यायी नाही," मी म्हटलं. आणि मला रडू यायला लागलं, कारण ते खरं होतं.

कलमाखाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. संबंध असल्यास त्याचे स्वरूप लिहावे व दुसरा सहाध्यायी द्यावा. दुसरा कुठून आणायचा? परीक्षा संपलेल्या, कॅम्पस रिकामं, सुधन्वाने तिघांना फोन केले, एक गुवाहाटीला पोहोचला होता आणि दोघं झोपेत होते.

"दिखाइए," खिडकीतून आवाज आला.

कल्पनाजींनी पहिल्यांदाच वर पाहिलं होतं. त्यांनी माझा अर्ज आत ओढून घेतला, पानं उलटली आणि सतराव्या पानावर थांबल्या. 'जिना: एक ओळख'. त्यांनी ते वाचलं. घड्याळ बघत मी एकेक सेकंद मोजत होते. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील रेल्वेत होते. कोटा, खडगपूर, चेन्नई, परत कोटा. बारा शाळा. आपण कुठल्या भाषेत झोपेत बोलतो हे नवऱ्याला अजून कळलेलं नाही. एवढं बोलून त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाचं वर्तमानपत्र काढलं. आत मध्ययुगीन इतिहास होता, आणि त्यात खूण म्हणून ठेवलेलं त्यांचं विद्यार्थी ओळखपत्र. अर्धवेळ एम.ए., तिसरं वर्ष.

"सहाध्यायी को खिड़की पर खुद आना पड़ता है," त्या म्हणाल्या. "नियम है."

त्यांनी खिडकीत 'दो मिनट' अशी पाटी ठेवली, उठल्या, मागच्या दाराने बाहेर आल्या, कॉरिडॉरला वळसा घालून रांगेत उभ्या राहिल्या. आमच्या पुढे तिघं होते. मी त्यांना पुढे या म्हटलं, तर पुढचा मुलगा म्हणाला की लाइन सबके लिए है. कल्पनाजींना ते पटलं. अशा रीतीने चार पन्नासला खिडकी रिकामी होती आणि खिडकीतली बाई रांगेत चौथी उभी होती. रांग अर्थातच हलत नव्हती. दोन मिनिटं आम्ही सगळे शिस्तीत त्या पाटीकडे बघत उभे राहिलो. मग सुधन्वाने पुढच्या तिघांना वस्तुस्थिती समजावली. ते तोंड उघडं टाकून बाजूला झाले.

कल्पनाजी खिडकीशी आल्या. आत कुणी नाही याची खात्री केली. सहाध्यायीच्या जागी सही केली. मग परत वळसा घालून आत गेल्या, खुर्चीत बसल्या, पाटी काढली आणि माझा फॉर्म हातात घेतला.

"यह हस्ताक्षर किसका है?"

"आपका," मी म्हटलं.

"आईडी?"

मी बोटाने त्यांच्याच पुस्तकाकडे खूण केली. त्यांनी ओळखपत्र काढलं, फोटो पाहिला, खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मिळत होता. चार छप्पन. मग त्या कलम अकराकडे आल्या आणि थांबल्या. खोडलेलं 'नाही', माझी सही, तारीख. आणि त्याखाली, संबंध असल्यास त्याचे स्वरूप, या छापील ओळीत, मी रडत होते तेव्हा कधीतरी, कुणीतरी निळ्या शाईने एकच काना वाढवला होता.

"ये स्वरूप के आगे डंडा किसने लगाया?"

"मी," सुधन्वा म्हणाला. घाबरल्यामुळे तो मराठीतच बोलत होता. "तेच उत्तर आहे."

कल्पनाजींनी अर्जावरचं माझं नाव वाचलं. मग ती ओळ वाचली. मग आम्हा दोघांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"वर्तनी ठीक है," त्या म्हणाल्या, म्हणजे शुद्धलेखन बरोबर आहे, आणि शिक्का मारला. चार अठ्ठावन्न.

मी बाबांना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला. मी म्हटलं, दाखल झाला. मग ते म्हणाले, "पाहिले," आणि मला ऐकू येत होतं की ते हसतायत.

एक तारखेला सकाळी ट्रक आला. माझं खोकं आईने स्वतः बाजूला काढलं आणि 'पुणे'वर काट मारली. शेजारी सही मात्र केली नाही, बाबा म्हणाले तरी. नीरजाकाकूंनी निकाल लागेपर्यंत मला त्यांच्या बाल्कनीत जागा दिली. त्या आमच्याच जिन्यावर राहतात, त्यांची बदली अजून व्हायची आहे. तीन आठवडे मी वाळत घातलेल्या कपड्यांखाली झोपले आणि ईमेल बघत राहिले.

मग मुलाखत झाली. समितीने परिशिष्ट एक वाचलं. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा वाचलं, आणि एवढंच विचारलं की तुम्हाला खरोखरच शिक्षा हवी आहे का. मी म्हटलं, हो, दोन्ही भाषांत.

निकाल आला तेव्हा सुधन्वा टपरीवर माझ्या शेजारी होता. चहात साखर दोन चमचे होती. मी फोनवरची ओळ तीनदा वाचली, आणि पुण्याला फोन लावून सांगितलं, "बाबा, दोन वर्षांची शिक्षा झाली."

"मंजूर," बाबा म्हणाले. मग मागून आईचा घाबरलेला आवाज आला, कसली शिक्षा, काय केलं हिने?

आम्ही स्कूटरवर निघालो. फाईल डिकीत होती. बहाव्याच्या वाळक्या पाकळ्या फुटपाथच्या कडेला साचल्या होत्या. सुधन्वा मागे अजूनही सवयीने एका फाईलीइतकं अंतर ठेवून बसला होता, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

सेक्टर सातचा सिग्नल हिरवा होता. मी ब्रेक लावला.